मुशीला कासवासारखा सॅटेलाइट टॅग का नाही लावत?

प्रश्न: ताई, मी गुहागरची, बारावीला आहे. २०२३ मध्ये आमच्याकडे गुहा आणि बागेश्री या कासवांना सॅटेलाइट टॅग लावला होता, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली. माझे काका मासेमारी करतात, ते म्हणतात की मोठ्या मुशी (शार्क) आता फार कमी मिळतात. मग मुशीला पण असा टॅग लावून ती कुठे जाते ते बघता येणार नाही का? आणि तिला त्याचा त्रास होत नाही का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: अगं, कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, खरी मेख तिथेच आहे. ते वर आलं की टॅगची अँटेना पाण्याबाहेर येते आणि तेवढ्या वेळात सिग्नल निघून जातो. मुशी श्वास घेते कल्ल्यांनी, तिला वर यायची गरजच नाही आणि खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी फार लांब जात नाहीत. ठराविक दिवसांनी सुटून वर तरंगणारे टॅग असतात, पण वर्षानुवर्षं माग ठेवायचा तर आवाज वापरतात, कारण पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. यालाच अकूस्टिक टेलिमेट्री म्हणतात.

टॅग म्हणजे बोटाएवढी नळी. ती दर थोड्या वेळाने टिक-टिक असा एक कोड सोडते, बहुतेक वेळा ६९ किलोहर्ट्झवर, म्हणजे आपल्या कानाला ऐकूच येणार नाही असा. समुद्रात ठिकठिकाणी नांगरून ठेवलेले रिसीव्हर तो ऐकतात आणि कुठली मुशी किती वाजता जवळून गेली ते नोंदवतात. पण ऐकू येतं ते काहीशे मीटरपर्यंतच, आणि नोंदी हव्या तर पाणबुड्याने खाली जाऊन शिंपल्यांनी आणि किटणाने भरलेला तो रिसीव्हर वर आणायचा, खरवडायचा, मग डेटा काढायचा. जिथे रिसीव्हर नाही तिथे मुशी गेली तर आपल्याला काहीच कळत नाही, म्हणून हे काम एकट्यादुकट्याचं नाही.

पॅसिफिक महासागरातल्या, इक्वेडोरच्या गालापागोस बेटांचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे डार्विन आणि वोल्फ बेटांपाशी हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशींचे, हॅमरहेडचे थवे असतात. त्या पाणबुड्यांच्या बुडबुड्यांना बिचकतात, म्हणून माणसं सिलिंडर न लावता, श्वास रोखून खाली जातात आणि लांब काठीने पाठीच्या परापाशी टॅग टोचतात. टोचल्यावर मुशी झटका देऊन निघून जाते. म्हणजे त्रास अगदीच नाही असं मी म्हणणार नाही, पण तो थोडक्यात आटपतो. काही जातींत टॅग पोटात बसवून टाके घालतात, तेव्हा मुशीला उताणी धरतात, तशी धरली की ती गपगार पडते.

आणि नोंदींतून काय कळलं बघ, दिवसभर या मुशी बेटाला चिकटून, जिथे प्रवाह येऊन आदळतो त्याच बाजूला, आणि रात्र झाली की रिसीव्हर गप्प! खायला त्या उघड्या समुद्रात जातात आणि पहाटे परत येतात. त्यातल्या काहींची टिकटिक थेट कोस्टारिकाच्या कोकोस बेटावरच्या रिसीव्हरवर ऐकू आली, सहाशे-सातशे किलोमीटर लांब. म्हणजे बेटाभोवती राखीव क्षेत्र होतं खरं, पण मधल्या रस्त्यात लाँगलाइनचे, म्हणजे लांबच लांब दोरीला ओळीने लावलेले गळ टाकलेले. ही माहिती आणि सॅटेलाइट टॅगची माहिती हातात घेऊन शास्त्रज्ञ मागे लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये इक्वेडोरने ६०,००० चौरस किलोमीटरचं एर्मान्दाद राखीव क्षेत्र जाहीर केलं, कोस्टारिकाच्या हद्दीला जाऊन भिडणारं. अर्ध्या भागात मासेमारी पूर्ण बंद, उरलेल्या अर्ध्यात लाँगलाइन बंद.

काकांना एक सांगून ठेव. जाळ्यात कधी नंबर असलेली नळी किंवा टॅग लावलेली मुशी आली, तर जिवंत असेल तर सोडून द्यायची आणि नंबरचा फोटो, तारीख, जागा मत्स्य खात्याला कळवायची. मुशी मेलेली असली तरी तो नंबर फेकू नका, ती कुठून आली ते त्यावरूनच कळेल.