निपाणी-बेळगाव भागात डिस्टेंपरसाठी कॅल्साइट, टाल्क, चायना क्ले पावडर कुठून घ्यावी?

निपाणीजवळ डिस्टेंपर आणि प्रायमरचं छोटं युनिट काढताय आणि पावडर थेट घ्यायची म्हणताय, तर आधीच सांगतो: पावडर विकणारे पायलीला पन्नास भेटतील. दर खेपेला तीच पावडर देणारा गाठायला वेळ लागतो, आणि थोडा जादा दर गेला तरी तोच धरून ठेवावा.

कॅल्साइट आणि टाल्क, म्हणजे शंखजिरं, बहुतेक राजस्थानातून, उदयपूरकडून येतं. चायना क्ले कच्छची किंवा केरळची. बॅराइट्स, म्हणजे वजनाला जड असलेली खनिज पावडर, आंध्रातल्या मंगमपेटची. डोलोमाइट मात्र शेजारीच, बागलकोट जिल्ह्यात निघतो. उदयपूर आपल्यापासून हजार किलोमीटरच्या वर आहे आणि कॅल्साइट मुळात स्वस्त माल, त्यामुळे गाडीभाडंच अंगावर येतं. दर विचाराल तो निपाणी पोच धरून विचारा. पूर्ण गाडी उचलण्याइतका खप होईपर्यंत कोल्हापूर किंवा हुबळीच्या ट्रेडरकडून घेतलेलं बरं. कोल्हापूर महाराष्ट्रात, म्हणून तिथल्या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा जीएसटी) लागेल, हुबळी आपल्याच कर्नाटकात, म्हणून तिथल्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी. जीएसटीची रेग्युलर नोंदणी असेल तर क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, दोन्हीचं मिळतं. सीमाप्रश्न निदान पावडरीला तरी नाही.

मागताना नुसतं 'कॅल्साइट द्या' म्हणू नका. मेश, म्हणजे चाळणीच्या नंबरावरून पावडरीचा बारीकपणा, सांगा (३२५ मेश म्हणजे साधारण ४५ मायक्रॉन), व्हाइटनेस आणि ऑइल ॲब्सॉर्प्शन (पावडर किती तेल पिते ते) विचारा, आणि 'अनकोटेड' हे आवर्जून लिहून द्या. पीव्हीसी पाइपवाल्यांसाठी स्टिअरिक ॲसिड लावलेली कॅल्साइट येते आणि बऱ्याच ट्रेडरांकडे दोन्ही प्रकार एकाच गोदामात असतात. कोटेड माल पाण्यातल्या रंगात भिजतच नाही, गुठळ्या होतात. ओळखायला पेलाभर पाण्यात चिमूटभर टाका. वरच तरंगली तर पोतं परत.

बॅराइट्समध्ये कॅल्साइट मिसळलेली असते कधीकधी. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका, फेस आला तर भेसळ समजा. शिवाय बॅराइट्सची घनता ४.५ च्या आसपास, कॅल्साइटची २.७, त्यामुळे सारख्या मापाचे दोन डबे भरून हातात धरले तरी फरक कळतो.

कोरडी पावडर सगळीच पांढरी दिसते, फसायला होतं. जुना नमुना आणि नवा नमुना जवसाच्या तेलात कालवून काचेवर शेजारी-शेजारी ओढा. पिवळट किंवा राखाडी झाक लगेच उघडी पडते. त्यासाठी प्रत्येक लॉटची एक बरणी तारीख घालून ठेवाच. वाद झाला तर ट्रेडरपुढे ठेवायला तीच कामी येते. लॉटचा टेस्ट रिपोर्टही मागा, पण त्यावर विसंबू नका. छापील कागद अनेकदा सगळ्या लॉटना एकच असतो.

आपल्याकडच्या पावसात चायना क्ले पटकन ओल धरते. जून ते सप्टेंबर तिचा साठा कमी ठेवा, आणि पोती जमिनीवर नको, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब.