कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन गोळ्यांनी आईचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलताहेत. ही अ‍ॅलर्जी आहे का? गोळ्या बंद कराव्यात का?

अ‍ॅलर्जी नाही. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात आणि या गोळ्यांचा तो नेहमीचा त्रास आहे. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला आतड्याच्या कॅन्सरसाठी याच गोळ्या होत्या. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी, अशी एक सायकल.

आईला दुसऱ्या सायकलला आधी मुंग्या आल्या, मग हात लाल झाले. थंडावा मिळेल म्हणून तिने चक्क मेंदी लावली! लाली मेंदीखाली दडली. ती भाकऱ्या करायची टाळायला लागली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. पीठ मळायचं, थापायचं, वर तव्याची धग. घर्षण आणि उष्णता, नेमकं यानेच हे वाढतं. डोस कमी केला तर आजार बळावेल, या भीतीने बाई गप्प बसली होती.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "ब्लाउजची हुकं लावता येतात का?" येत नव्हती. मग गोळ्या थांबवल्या आणि हात निवळल्यावर कमी डोसने पुन्हा दिल्या. म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, पण पुढच्या तारखेची वाटही बघू नका, आजच फोन करा. सोबत ताप, जुलाब किंवा तोंडात फोड असतील तर थेट दवाखाना गाठा.

आम्ही युरियाचं क्रीम दिवसातून दोनदा लावायचो, रात्री वर सुती मोजे. भांडी आणि गरम पाणी बंद. दिल्लीच्या एम्सने २६४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला: पहिल्यापासून १ टक्का डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जेल लावणाऱ्यांत मध्यम-तीव्र त्रास ३.८ टक्के, औषध नसलेलं साधं जेल लावणाऱ्यांत १५ टक्के. मात्र ते त्रास होऊ नये म्हणून लावायचं जेल आहे. सोललेल्या, चिरलेल्या कातडीवर विचारल्याशिवाय चोळू नका.

आणखी एक, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बोटांचे ठसे पुसट होतात. २००८ साली सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसेच उमटेनात म्हणून चार तास अडकवून ठेवलं होतं. आमचं विमानतळ म्हणजे रेशनचं दुकान. आईचा अंगठा पाच वेळा दाबून झाला, दुकानदार म्हणाला, "आजी, हात पुसून या." शेवटी धान्य भावाच्या अंगठ्यावर आणलं.