पाऊस थांबल्यावर कुठली वाट आधी सुकते?

तुमचा प्रश्न असा: दोन दिवस कडक ऊन पडलं, बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ खडखडीत होता, पण खाली येळ्ळूरच्या शिवारात उतरताच सायकलचं चाक जाम झालं. उलट खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडे पाऊस कितीतरी जास्त, तरी तिथली वाट चालण्याजोगी. असं का?

मुख्य कारण माती. शिवारातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकण असते. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मिटतात आणि मग वरचं पाणी खाली मुरतच नाही. सुकायचं ते फक्त वरून, उन्हावाऱ्याने. त्यात शेजारी भाताचे बांध भरलेले, म्हणजे खालूनही ओल येत राहते. वर पापुद्रा धरतो, पायाला कोरडं लागतं आणि तीन बोटं खाली लोणी. अशा वाटेला सरीनंतर तीन-चार दिवस सलग ऊन द्या. भर जुलैत तिचा नादच सोडा.

चाकाच्या थोड्याच फेऱ्यांत फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) कमान आणि चेनस्टेमधली (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधली) जागा मातीने भरते. तरी पेडल रेटत राहिलात तर डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो, तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर वाकतो, कधी डिरेलर सरळ स्पोकमध्ये जातो. चाक अडलं की उतरा, काडीने माती काढा आणि सायकल खांद्यावर घ्या. टायरची हवा कमी करून इथे काही साधत नाही, उलट जास्त माती चिकटते.

जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती जांभ्यावरची. तिच्यातली चिकण मुख्यतः केओलिनाइटची, ती फारशी फुगत नाही. शिवाय लोहाचे खडे मिसळलेले असल्याने पाणी वाट काढतं. उताराची खडेरी वाट एका सरीनंतर काही तासांत चालू होते. पण जांभ्याचा सपाट सडा (उघडं कातळी पठार) यात धरू नका. तिथे कातळावर पाणी तळं करून बसतं, आणि आत मुरलेलं पाणी सड्याच्या कडेखाली उपळ (झरा) होऊन फुटतं. म्हणून पाऊस उघडून आठवडा झाला तरी पायथ्याचा एखादाच पट्टा ओला सापडतो. सावलीतल्या जांभ्यावर शेवाळही धरतं. तिथे पुढचा ब्रेक दाबणं म्हणजे आपटणं.

दक्षिणेचा उतार आधी सुकतो, हा नियम थंड देशांतला. बेळगाव साधारण १६ अंश उत्तरेवर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात दिशेचा फरक नगण्य. तेव्हा वारा आणि झाडी बघा: उघडा माळ लवकर सुकतो, दाट झाडीत सर थांबल्यावरही पानं ठिबकत राहतात. ऑक्टोबरात मात्र दक्षिण उतार खरंच पुढे असतो.

मग चढण. वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त असला की पाणी वाट ओलांडत नाही, वाटेवरूनच धावतं आणि चर पाडतं. वाट दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कललेली हवी. टायरांनी मधे दबून तिची पन्हळ झाली की उत्तम तांबडी मातीही डबकं धरते. उपाय म्हणजे दरीकडची कड अर्धवर्तुळात तासायची, लांबी सुमारे ३ मीटर, मध्यावर कल जास्तीत जास्त १५ टक्के. नुसता अरुंद चर खणलात तर तो गाळाने लगेच बुजतो. खासगी रानात मालकाला विचारल्याशिवाय आणि जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय फावडं लावू नका. भीमगड अभयारण्याच्या बाजूला तर मुळीच नाही.

निघण्याआधी वाटेवरची मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. पट्टी ५ सेंटिमीटरच्या पुढे न तुटता गेली तर चिकण जबर आहे. अडीचच्या आत तुटली तर निर्धास्त. मग स्क्रूड्रायव्हरने १० सेंटिमीटर खाली खोचून बघा. टोकाला चिकट माती लागून आली तर वरच्या कोरडेपणाला काही अर्थ नाही. तरीही गेलात आणि टायरचा ठसा २ सेंटिमीटरहून खोल उमटायला लागला तर तिथूनच परता. डबकं आलंच तर बाजूने जाऊन वाट रुंद करू नका, हळू मधूनच काढा. घरी आल्यावर काळी माती वाळायच्या आत साध्या पाण्याने सोडवा. हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसावर) जोराचा फवारा मारलात तर पाणी ग्रीसमध्ये शिरतं.