थ्रॉटलचा सेन्सर बदलण्यापूर्वी

प्रश्न : माझी २००४ सालची पेट्रोल मोटार सपाट रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या एकसारख्या वेगात मध्येच आचके देते, पाय दाबला की आचके थांबतात. सिग्नलला कधी इंजिन बंद पडते, कधी रेस वाढलेलीच राहते. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले. आता मेकॅनिक थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलायला सांगत आहेत. तो खरोखर बिघडला आहे, याची खात्री कशी करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आचके एकसारख्या वेगात येतात आणि पाय दाबला की थांबतात, ही आपली नोंद फार मोलाची आहे. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. ती किती उघडली आहे, हे गाडीच्या संगणकाला कळवणारा हा सेन्सर तिच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि त्याच्या आत कार्बनच्या पट्टीवरून एक धातूची पाती सरकते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना बटण एका ठरावीक जागी आले की खरखर व्हायची. येथेही तोच प्रकार घडतो. रोजच्या वापरात झडप बहुतांश वेळ थोडीशीच उघडी असल्याने पट्टी नेमकी तेवढ्या भागात झिजते. पाती तेथे आली की संदेश क्षणभर तुटतो, चालकाने पाय काढला असे समजून संगणक पेट्रोल कमी करतो आणि गाडी आचका देते.

सेन्सरला बहुधा तीन वायर असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि संदेशाची वायर. रंग गाडीगणिक बदलतात, म्हणून वायरिंगचा नकाशा पाहूनच वायर ओळखाव्यात. कपलर (वायरींची जोडणी) न काढता, इंजिन बंद पण इग्निशन चालू ठेवून, संदेशाच्या वायरवर मागच्या बाजूने मल्टिमीटरची पिन टेकवावी. झडप बंद असताना साधारण ०.५ ते ०.९ आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्ट दिसावेत. ही दोन टोके बरोबर आली की सेन्सर चांगला, असे ठरवून अनेकजण थांबतात आणि तेथेच फसतात. झडप हाताने अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेऊन उघडावी आणि पहिल्या चतुर्थांशाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. व्होल्ट ०.७, ०.९, १.१ असे चढत असताना काटा एकदम खाली येऊन पुन्हा वर गेला, तर दोष सापडला. यासाठी काट्याचा जुना मीटरच वापरावा, कारण आकडे दाखवणाऱ्या मीटरमधून ही क्षणिक घसरण निसटू शकते. हीच तपासणी इंजिन तापल्यावर, सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पुन्हा करावी.

मुळात ५ व्होल्टच पोहोचत नसतील किंवा अर्थिंग कच्चे असेल, तर सेन्सर निर्दोष असू शकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो; तो आधी साफ करावा.

स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, फार विसंबू नये. आपल्याकडे वाहनांतील निदान यंत्रणा २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, त्यामुळे आपल्या गाडीत प्रमाणित जोडणी असेलच असे नाही. पी ०१२० ते पी ०१२४ यांपैकी एखादा कोड मिळाला तरी तो वायरिंगसह सगळ्या सर्किटविषयी बोलतो, एकट्या सेन्सरविषयी नाही.

काटा शेवटपर्यंत सरळ चढला, तर थ्रॉटल बॉडीतील (झडप ज्यात बसते त्या भागातील) कार्बन, आयडलिंगचा (गाडी उभी असताना इंजिनाची रेस सांभाळणारा) व्हॉल्व्ह आणि चिरलेले व्हॅक्यूम पाइप यांकडे वळावे. सिग्नलवरचा आपला त्रास त्यांच्यामुळेही होऊ शकतो आणि साफसफाईचा खर्च नव्या सेन्सरपेक्षा पुष्कळ कमी असतो.

सेन्सर बदलावाच लागला आणि त्याच्या स्क्रूची भोके लांबट असली, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले बंद झडपेचे व्होल्ट जुळवूनच स्क्रू आवळावेत. रेस कमी करण्यासाठी झडपेचा थांबा-स्क्रू मात्र कोणालाही फिरवू देऊ नये, कारण त्याने सेन्सरचा आरंभबिंदूच सरकतो. आपल्या गाडीत तो स्क्रू पूर्वी कोणी फिरवला आहे का, हे त्यावरील रंगाची खूण तुटली आहे का ते पाहून आजच तपासावे.