लॅबमधलं प्लॅस्टिक बदलून विघटनशील साहित्य वापरता येईल का?

तुमचा प्रश्न असा, की छोट्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या टिप्स (नमुना मोजून घेणाऱ्या पिपेटला लावायची टोकं), ट्यूब, लघवीचे डबे असं सगळं मक्यापासून केलेल्या विघटनशील प्लॅस्टिकचं घेतलं तर? मी सोलापुरात सतरा वर्षं टेक्निशियन आहे आणि हा उद्योग थोडाफार करून बसलोय.

हौसेनं पीएलएचे, म्हणजे याच मक्याच्या प्लॅस्टिकचे, टिप बॉक्स मागवले होते. नेहमीसारखा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) लावला, 121 अंश, पंधरा मिनिटं. उघडून बघतो तर आतल्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) टिप्स जशाच्या तशा आणि बॉक्सची पार कुरडई. पीएलए साठेक अंशांतच मऊ पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात लावलेल्या स्कूटीच्या डिकीतसुद्धा मी ते ठेवणार नाही.

पण खरी अडचण वापरून झाल्यावरची. रक्त लागलेलं प्लॅस्टिक 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लाल पिशवीत जातं. तिथून ते निर्जंतुक होतं, त्याचा चुरा होतो आणि तो पुनर्वापराला जातो. त्यात पीएलए मिसळलं तर तो चुरा बिघडतो. पिवळ्या पिशवीत टाकलं तर जळूनच जातं. मग दुप्पट पैसे मोजून घेतलेलं विघटन होणार कुठे? त्याला खतप्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची ऊब आठवडेच्या आठवडे लागते. रक्ताची ट्यूब तिथे कोणी घेणार नाही.

काचेकडे परत जा म्हणणारे भेटतील. आमच्याकडे कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायला, अजून काचेच्या पेट्री डिश (झाकणाच्या चपट्या बशा) आहेत. वापरलेल्या आधी ऑटोक्लेव्ह, मग धुणं, मग हॉट एअर ओव्हनमध्ये 160 अंशांवर दोन तास. छान टिकतात. पण नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात धुणाऱ्या मावशींना विचारून मगच हा निर्णय घ्या!

म्हणून नमुन्याला लागणारं काही बदलू नका. रॅक पुठ्ठ्याचे घ्या, रिपोर्टची प्लॅस्टिकची पाकिटं बंद करा, टिप्स सुट्ट्या मागवून जुन्याच बॉक्समध्ये भरा. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या गोष्टीनं पडला.

आणि विक्रेता नुसतं ‘बायो’ म्हणाला तर आयएस/आयएसओ 17088 चं, म्हणजे खत होणाऱ्या प्लॅस्टिकच्या मानकाचं, प्रमाणपत्र मागा. ‘ऑक्सो’ (तुकडे पडावेत म्हणून रसायन घातलेलं साधं प्लॅस्टिक) लिहिलेलं असेल तर घेऊच नका, त्याचे फक्त बारीक तुकडे होतात.