वाचकांचे प्रश्न : घाटात दम तोडणारा टर्बो आणि बोटीचं इंजिन

प्रश्न : चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात निम्म्या चढावर आमच्या डिझेल गाडीचं पिकअप एकदम जातं आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी बंद करून परत चालू केली की ठीक. गॅरेजमध्ये टर्बो बदला म्हणतात. बदलावाच लागेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : इतक्यात बदलू नका. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइनचं चाक फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग. चावी फिरवल्यावर दुखणं जातं, म्हणजे टर्बोचा शाफ्ट आणि बेअरिंग बहुधा शाबूत आहेत. बूस्ट, म्हणजे या हवेचा दाब, हाताबाहेर गेला म्हणून इसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली होती, एवढंच. आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी ०२३४ आला तर बूस्ट जास्त झाला, पी ०२९९ आला तर कमी पडला.

तुमच्या वर्णनावरून पहिला कोड येण्याची शक्यता जास्त. टर्बाइनच्या चाकाभोवती एका रिंगवर छोट्या फिरत्या पट्ट्या असतात, त्या व्हेन. इंजिन हळू फिरत असताना त्या मिटतात, वायूची वाट अरुंद होते आणि वायू वेगाने चाकावर आदळतो. घाटात दुसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबून धरला की वायू वाढतो आणि व्हेन उघडायला हव्यात. काजळीने त्या अर्ध्यावर अडकल्या की बूस्ट चढत जातो आणि इसीयू हात आखडता घेतो.

व्हेन फिरवणारा अॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर (हवेच्या खेचीवर) चालणारा असेल तर तपासणी सोपी आहे. इंजिन चालू करताच अॅक्च्युएटरचा रॉड आत ओढला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर परत आला पाहिजे. बहुतेक गाड्यांत अशीच रचना असते. मग हातपंपाने अॅक्च्युएटरला सावकाश व्हॅक्यूम द्या. रॉड एकसारखा सरकायला हवा. मध्येच थांबून झटक्याने पुढे गेला तर कुठेतरी अडकतंय. व्हॅक्यूम मिनिटभर धरून ठेवा. पंपावरचा काटा उतरला तर अॅक्च्युएटरच्या आतला पडदा फाटलाय. पडदा चांगला असेल तर क्लिप काढून रॉड सोडवा आणि टर्बोचा लिव्हर बोटाने हलवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो हलक्या हाताने गेला, तर टर्बोत दोष नाही.

इलेक्ट्रिक अॅक्च्युएटर मात्र हाताने ढकलू नका, आतले गिअर मोडतात. त्याची चाचणी स्कॅनरवरूनच करायची.

कोड पी ०२९९ आला तर सगळ्यात आधी व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या बघा. पावसाळाभर गाडी गावच्या घरी उभी राहिली की उंदीर त्या कुरतडतात. व्हॅक्यूम गेला की व्हेन उघड्याच राहतात आणि खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही. अशा नळीपायी अख्खा टर्बो बदलला जातो, याचं वाईट वाटतं. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजचे क्लॅम्पही त्याच वेळी तपासून घ्या.

लिव्हरच जड असेल तर टर्बो उतरवून गरम (टर्बाइनची) बाजू उघडावी लागते. खाऱ्या हवेत नट-बोल्ट जाम होतात, म्हणून आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हाउसिंगवर खूण केल्याशिवाय ते सोडवू नका. व्हेनची रिंग कार्बन क्लीनरमध्ये भिजवून पितळी ब्रशने साफ करा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. व्हेनच्या बाजूची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. ती वाढली की वायू तिथूनच निसटतो. बसवताना ग्रीस लावू नका, ते जळून पुन्हा कार्बनच होतो. आणि लिव्हरच्या टोकाचा स्टॉप स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका. व्हेन कितपत मिटाव्यात हे तो ठरवतो आणि तो फ्लो बेंचवर (वायूचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) सेट केलेला असतो. अंदाजाने पिळला तर टर्बो मर्यादेबाहेर फिरून मोडू शकतो.

काजळी का साचली हेही शोधा : अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप), गळके इंजेक्टर, ऑइल पिणारं इंजिन. नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच. बाजारापुरतीच फिरणारी गाडी आठवड्यातून एकदा हायवेवर दहा-पंधरा मिनिटं ३००० आरपीएमच्या आसपास चालवा. व्हेन पुऱ्या उघडतात-मिटतात आणि मोकळ्या राहतात.

प्रश्न : घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, हे खरं का? (लांजा)

उत्तर : खरं आहे, पण मिनिटभर पुरे. अर्धा तास आयडलवर ठेवलं तर काजळीच वाढते.

प्रश्न : व्हेनचे टर्बो डिझेलमध्ये सर्रास, मग पेट्रोलमध्ये इतके कमी का? डिझाइनमध्ये अवघड काय असतं? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : मुख्य अडचण उष्णतेची. डिझेलच्या एक्झॉस्टचं तापमान साधारण ८५० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, पेट्रोलचं १००० अंशांच्या वर. एवढ्या तापलेल्या रिंगमध्ये व्हेनच्या पिना मोकळ्या फिरत ठेवायला महागडे मिश्रधातू लागतात. पोर्शने २००६ च्या ९११ टर्बोत ते करून दाखवलं.

डिझाइनचं म्हणाल तर प्रत्येक किलो वायूकडून मिळणारं काम हे वायूचा स्पर्शरेषेतला वेग आणि पात्यांचा वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. व्हेन मिटल्या की पहिला वेग वाढतो, पण फटीतून होणारी गळतीही त्याच वेळी सर्वांत जाचते. फट कमी केली तर गरम झाल्यावर व्हेन आवळतात. दुसरा पेच कंपनाचा. प्रत्येक व्हेनमागे वायूचा विस्कटलेला पट्टा राहतो आणि चाकाचं पातं त्याला क्रमाने धडकत जातं. छोट्या टर्बोचं चाक मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत जातं. धडकांची वारंवारता पात्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली तर पातं थकून तुटतं. म्हणून व्हेनची संख्या, बहुधा ९ ते १३, पात्यांच्या संख्येकडे बघून निवडतात. पिनेची जागाही महत्त्वाची : अॅक्च्युएटर निकामी झाला तर वायूच्या दाबाने व्हेन उघडण्याकडे झुकाव्यात, मिटण्याकडे नव्हे.

प्रश्न : मासेमारी बोटीच्या इंजिनाला असा व्हेनचा टर्बो बसवला तर डिझेल वाचेल का? पूर्ण रेसला काळा धूर येतो. (हर्णै बंदर)

उत्तर : बसवू नका. बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निम्म्या आरपीएमला पंखा टॉर्क मागतो एक चतुर्थांश आणि ताकद एक अष्टमांश. ट्रकला घाटात कमी आरपीएमवर जो जोर लागतो, तो इथे कुणी मागतच नाही, म्हणजे या टर्बोचा मुख्य फायदाच उरत नाही. शिवाय खाऱ्या हवेत लिव्हर जाम झाला तर समुद्रात दुरुस्ती होणार नाही.

धुरासाठी हे बघा. बोट भरलेली असताना पूर्ण रेस द्या आणि आरपीएम मोजा. इंजिनाच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा १००-२०० कमी भरले तर पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त आहे, किंवा तळाला शिंपले-शेवाळ धरलंय. आकडा पुरा आला तर एअर फिल्टर बघा, आणि इंजिनखोलीचं झाकण उघडून पुन्हा चालवा. झाकण उघडल्यावर धूर कमी झाला तर इंजिनाला हवा पुरत नाही. खोलीला मोठं हवाद्वार पाडून घ्या.