मालिका तिच्या वेळेलाच बघ

प्रिय,

दैनंदिन मालिकांसाठी संवाद लिहायचे आणि तयारी म्हणून रोज दोन-तीन मालिका अ‍ॅपवर दीडपट वेगाने बघून संपवायच्या, हा तुझा बेत कळला. उत्साह चांगला आहे, पद्धत मात्र बदल. एकच मालिका निवड आणि सोमवार ते शनिवार ती टीव्हीवर, तिच्या ठरलेल्या वेळी, जाहिरातींसकट बघ. शक्यतो घरात इतर माणसं असताना. मालिका उत्तम असलीच पाहिजे असं नाही. चालू असलेली आणि घरात बघितली जाणारी हवी, एवढंच.

अ‍ॅपवर तुला भाग दिसतो, पण तो ज्या अर्ध्या तासासाठी लिहिलाय तो अर्धा तास दिसत नाही. केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात: १० मिनिटं व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. त्या हिशेबाने अर्ध्या तासात गोष्टीच्या वाट्याला साधारण २४ मिनिटं येतात आणि तीही सलग नाहीत, ब्रेकनी तोडलेली. प्रत्येक तुकडा हुकवर, म्हणजे पुढे काय होईल याची उत्सुकता लावणाऱ्या क्षणावर, संपवावा लागतो. दार उघडतं, तीन चेहरे आळीपाळीने दिसतात, पार्श्वसंगीत दणकतं. अ‍ॅपवर पुढच्याच क्षणी तोच प्रसंग निवांत पुढे सुरू होतो आणि तुला हसू येतं. टीव्हीवर मध्ये साबण, मसाले आणि दागिने असतात. तेवढ्यात कुणी भात बघायला उठतं, कुणी रिमोट उचलतं. ब्रेक संपल्यावर कोण आधीच येऊन बसलंय आणि कोण फिरकलंच नाही, ते बघ. हुक लागला की नाही ते तिथे कळतं.

जाहिरातीही नीट बघ. समोर कोण बसलंय याबद्दल वाहिनीचा अंदाज काय आहे, ते त्यांतून समजतं.

संध्याकाळच्या मालिका अनेक घरांत बघितल्या जातात त्याहून जास्त ऐकल्या जातात. कणीक मळताना, भाजी निवडताना. समज, तू लिहिलंस, ‘तू? इथे?’ पडद्याकडे बघणाऱ्याला तेवढं पुरतं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला कोण आलं तेच कळत नाही. त्याऐवजी, ‘सुमनवहिनी, तुम्ही इथे? दादांना माहीत आहे?’ सहा शब्दांत कोण आलं, नातं काय आणि भानगड कुणापासून लपवायची आहे हे तिला स्वयंपाकघरातच समजलं. मालिकेत माणसं एकमेकांना सारखी नावाने का हाक मारतात, याचं उत्तर कुकरच्या शिट्टीत आहे. दीडपट वेगाने बघताना हीच वाक्यं पाल्हाळ वाटतात आणि नवा लेखक नेमकी तीच कापतो. मग ‘प्रेक्षकाला कळणार नाही’ असा शेरा घेऊन सीन परत येतो.

टीआरपीचंही थोडं समजून घे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने निवडलेल्या घरांत मीटर असतं, घरातल्या प्रत्येकाचं बटण वेगळं. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे गुरुवारी येतात. आपल्या बाजाराचं त्यांच्या तक्त्यातलं नाव महाराष्ट्र-गोवा. मोजणी मिनिटांच्या सरासरीने होते: निम्मा भाग बघून उठलेला माणूस हिशेबात अर्धाच धरला जातो. म्हणून पहिल्या दोन मिनिटांची आणि ब्रेकनंतरच्या पहिल्या वाक्याची एवढी काळजी घेतात. एक मालिका संपताच, ब्रेक न घेता, पुढची सुरू होते तीही याच कारणाने. रिमोटला हात लावायला फटच ठेवायची नाही. आकडे घसरले की ट्रॅक, म्हणजे कथेतला चालू धागा, आवरता घेतात, पात्र गावाला जातं. रोज वेळेवर बघत असशील तर हे वळण कुठल्या आठवड्यात आलं ते तुला कळेल. एकदम वीस भाग बघणाऱ्याला ती नुसती विसंगती वाटते.

वर्षाचं घड्याळही तसंच. आषाढी, मंगळागौर, गणपती मालिकेत त्या त्या दिवसांतच येतात, आणि चित्रीकरण प्रक्षेपणाच्या फार पुढे नसतं. एप्रिल २०२१मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा हातात साठा थोडाच होता. कित्येक मराठी मालिकांची युनिट्स गोव्यात, सिल्वासा-दमणला गेली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवली. घरातली पात्रं अचानक रिसॉर्टवर का पोहोचली, हे त्या आठवड्यांत बघणाऱ्याला सांगावं लागलं नाही.

आता वही. पानावर चार रकाने आख: वेळ, कोण आलं, ब्रेकआधीचं शेवटचं वाक्य, घरातलं कोण उठलं. संवाद उतरवून घेऊ नकोस. मान खाली गेली की घरातल्यांचे चेहरे हातचे जातात, आणि संवाद नंतर अ‍ॅपवर मिळतातच. फोन फक्त घड्याळापुरता. हॉस्टेलवर टीव्ही नसेल तर अ‍ॅपमध्येच वाहिनीचं थेट प्रक्षेपण उघड, सुटा भाग नको. पैसे भरले की टीव्हीच्या आधी भाग दाखवणारी सोयही काही अ‍ॅपवर असते. ती तुझ्या कामाची नाही.

मधल्या वारी कंटाळा येईल. तेव्हाच जास्त लक्ष दे, कारण गोष्ट ताणलेली असते ती बहुधा तिथे: एकच बातमी तीन पात्रांना तीन सीनमध्ये कळते. लेखकाला ते लिहावंच लागतं. प्रत्येक वेळी नवं काय घातलं एवढं टिपून ठेव. काहीच नवं नसेल तर तसंही लिही.

शनिवारचा हुक वेगळ्या रकान्यात मांड. रविवारी महाएपिसोड नसेल तर त्याला दोन रात्री तग धरायचा असतो. रविवारी त्याच आठवड्यातला एक भाग अ‍ॅपवर बघ आणि आता खटकलेली, पण टीव्हीवर न खटकलेली वाक्यं अधोरेखित कर. मग सोमवारच्या पहिल्या सीनचं एक पान स्वतः लिही, भाग लागायच्या आधी. ते पान, अधोरेखित वाक्यं आणि वही, तिन्ही मला पाठव. पान खोडून नीटनेटकं करू नकोस.